जुन्नरकरांनी समुद्र कुठला पाहावा?

जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही, म्हणूनच समुद्राबद्दल निःपक्षपाती मत द्यायचा अधिकार आपल्याइतका कुणालाच नाही. अलिबागकराला विचारलं तर तो अलिबागच सांगणार. आपल्याकडे पाणी म्हणजे डिंभे नाहीतर माणिकडोह, मासा म्हणजे धरणातली चिलापी, आणि खाऱ्या पाण्याशी नातं आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलापुरतं. बाजारवाली मापटं भरते, वर मूठभर टाकते, आणि त्या पिशवीची वर्दी एसटीतल्या शेवटच्या बाकापर्यंत आपोआप पोचते. तेव्हा सुट्टीत मुरूडला जायचं की रेवदंड्याला, हा वाद नारायणगावात किंवा मंचरला पेटला, तर तो हौसेवर सोडून चालणार नाही. माझं मत रेवदंड्याला.

मुळात दोन्ही गावांवर आपला जुना हक्क आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी सुलतानाला रामराम ठोकून निजामशाही उभी केली ती जुन्नरला. चौल-रेवदंड्याचं बंदर आणि मुरूडजवळची दंडा-राजपुरी, दोन्ही त्याच राज्यात मोडू लागली. पुढे १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवायला घेतलं आणि राजधानी हलली. नाहीतर दोन्ही बंदरांच्या सातबाऱ्यावर आज आपलं नाव असतं आणि भाऊबंदांचा दावाही कोर्टात चालू असता. पण हक्क दोन्हीकडे सारखा असला तरी येणं-जाणं सारखं नव्हतं. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, बरोबर विकायला आणलेला एक घोडा. पालीवरून मजल दरमजल करत, घाट चढून, तीन आठवड्यांहून जास्त दिवसांनी तो जुन्नरला पोचला आणि पावसाळा लागल्यामुळे इथेच अडकला. चार महिने जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. ज्यांनी आपले पावसाळ्यातले रस्ते पाहिलेत त्यांना त्याच्या सचोटीबद्दल शंका उरणार नाही. शहर एका प्रचंड खडकावर आहे आणि वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, असंही तो म्हणतो. हे वर्णन शिवनेरीचं असावं. इथल्या घोड्यांना साखर घालून शिजवलेली खिचडी मिळते, हेही त्याने टिपलंय. त्याच्या घोड्याला ती मिळाली की नाही कळत नाही, कारण जुन्नरच्या असदखानाने घोडाच काढून घेतला. धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, असा सौदा होता. शेवटी खुरासानच्या एका भल्या माणसाने रदबदली केली आणि घोडा सुटला. या निकितिनचा स्मारकस्तंभ आज रेवदंड्यात आहे. निदान घोड्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला तरी जुन्नरकराने तिथे जायला हवं.

मुरूडवाल्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे: जंजिरा उभा आहे, रेवदंडा पडलाय. कबूल. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना तो पाण्यातून वर येतो तसं दृश्य रेवदंड्याकडे नाही, आणि कलालबांगडी तोफेशेजारी काढलेल्या फोटोला तोडही नाही. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना न मिळालेला किल्ला पर्यटकाला तिकिटावर मिळतो, याचं सुखही असेल. पण शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन उशाशी असणाऱ्यांनी किल्ला बघायला कोकणात उतरणं म्हणजे जेजुरीहून भंडारा विकत आणून परत जेजुरीलाच उधळणं. गडांचा आपल्याला तोटा नाही. आपल्याकडे नाही ते जुन्या व्यापारी वाटेचं दुसरं टोक. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, लेण्यांमध्ये दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. ही माणसं आणि हा माल ज्या कल्याण, सोपारा, चौलसारख्या बंदरांतून वर आला, तो किनारा मात्र आपण पाहिलेला नसतो. यातल्या कल्याणला आपण जातो, पण ते लोकल पकडायला.

शिवाय रेवदंडा पडलाय म्हणजे रिकामा नाही. पोर्तुगीज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, नांदती घरं आहेत, सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले अजून उभे आहेत. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईत तर पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले तरी त्यांच्या भाषेतून तयार झालेली बोली काही ख्रिस्ती घरांत अजून चालते. निजामशहाने १५७०-७१ मध्ये रेवदंड्याचं ठाणं घ्यायला मोठी फौज आणली आणि हात हलवत परत गेला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की पोर्तुगिजांनी निजामशाही सरदारांना दारूच्या नजराण्यांनी फोडलं होतं. इकडे जंजिऱ्याची दंतकथा अशी की राम पाटलाचा मेढेकोट निजामशाहीच्या पिरमखानाने कोळ्यांना दारू पाजूनच घेतला. म्हणजे या एका कसोटीवर दोन्ही गावं बरोबरीत सुटतात.

राहिला मासळीचा मुद्दा. सुरमई मुरूडची गोड की रेवदंड्याची, हे सांगणारे तज्ज्ञ आपल्याकडे ढिगाने आहेत. आळेफाट्यावर बर्फातली सुरमई खाऊन ते तयार झालेत. समुद्र एकच आहे, त्यामुळे हा मुद्दा निकाली निघाला असं समजावं.

आता शेवटी कुणीतरी समजूतदार माणूस म्हणणारच, की वाद कशाला, एका दिवसात दोन्ही करू. अलिबागवरून मुरूडला जाताना वाटेत रेवदंडा लागतोच, हेही खरं. पण मंचरहून पहाटे निघालेल्या गाडीत अशा वेळी ‘येताना बघू’ असं ठरतं, आणि येताना अंधार असतो.