वहिनींची काठी दाराआड

"काय हो वहिनी, आज काठी कुठे?"

"ठेवली दाराआड. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, हाड कधीच जुळलंय, आता लंगडता ते नुसत्या भीतीनं."

"मी तरी काय सांगत होते! प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी पार वाळून गेलेली. कांद्याच्या चाळीत पाय मुरगळायचं निमित्त, आणि एवढं मोठं लचांड."

"पोटरी भरून येते हो. पण पाऊल टाकायचंच पाय विसरला होता. आधी टाच, मग चवडा, शेवटी अंगठ्यानं रेटा. मी आपली अख्खं पाऊल फळीसारखं आपटायचे. आणि काठी धरायची दुखऱ्या बाजूला! डावा घोटा मोडला तर काठी उजव्या हातात हवी, हे मला कोणी सांगेल तर शपथ."

"नणंदबाईंनी नाही सांगितलं? त्यांना सगळंच कळतं."

"आल्या होत्या ना. दोनदा चहा घेतला, हाडवैद्याकडे न्या म्हणाल्या, आणि जाताना दारात, 'आता पहिल्यासारखं चालणं काही होत नाही बरं!'"

"अगं बाई! तोंडावर?"

"तोंडावर. त्या दिवसापासून रोज भिंतीपुढे उभी राहते. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. आधी अंगठा भिंतीला चिकटवला तरच टेकायचा, आता चार बोटं मागे ठेवून टेकतो."

"मग उकिडवं बसता येतं?"

"नाही अजून, डावी टाच उचलली जाते. संध्याकाळी सूजही येते, चपलेचा पट्टा रुततो. मग उशीवर पाय ठेवून पडते. ह्यांना वाटतं, कामाचा आळस!"

"पुरुषांना काय कळतंय. नवरात्रात सप्तशृंगी गडावर जाणार ना?"

"जाणार, आणि पायऱ्यांनीच. पाचशेच्या आसपास आहेत, बसत बसत चढेन. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे पाठ झालंय. पण खरी परीक्षा उतरताना. घोटा पुढे वाकत नाही, मग खालच्या पायरीवर धपकन आदळायला होतं."

"मग 2018 पासून ती ट्रॉली कशाला केलीय? उतरताना बसा."

"तेच ठरवलंय. नणंदबाईही येणारेत, त्यांचे गुडघे धरलेत, त्या वरही ट्रॉलीनंच जाणार. पहिल्या पायरीपाशी मी त्यांना नीट निरोप देणार आहे."