शृंगारिक कादंबरीकारास तक्रार-अर्ज : लेखनविधी व पथ्ये

ज्या सुशील वाचकाने प्रेमकथेची अडीचशे पाने एका रात्रीत, मध्ये दिवा न मालवता, शेवटापर्यंत वाचून काढली आणि पहाटेच्या सुमारास ज्याच्या अंतःकरणात सात्त्विक संतापाचा उद्भव झाला, त्याने तो संताप कोणत्या मायन्याने, कोणत्या पुराव्यानिशी आणि मुख्य म्हणजे कोणाच्या वतीने लेखकापर्यंत पोहोचवावा, याविषयीची शिस्तशीर मार्गदर्शिका आमच्या पाहण्यात नाही. वारसाच्या नोंदीपासून नळजोडणीपर्यंत सर्व विषयांचे मसुदे कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे तयार मिळतात. परंतु नायकाने नायिकेचा हात कितव्या प्रकरणात धरला असता तक्रारीस कारण घडते, असे विचारल्यास तो बिचारा टंकयंत्रावरची बोटे उचलून आपल्याकडे नुसता पाहत राहतो. अर्ज, मिसल, नक्कल आणि दाखला यांवर निजामी अमदानीपासून ज्या शहराच्या पिढ्या पोसल्या, त्या छत्रपती संभाजीनगरात तरी ही उणीव राहू नये, एवढाच प्रस्तुत लेखनाचा उद्देश आहे.

आरंभी मुदतीचा विचार करावा, कारण या मुलुखात तो फार जाचक ठरतो. येथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. त्या प्राचीन प्रतिष्ठानच्या सातवाहन राजांपैकी हाल याच्या नावे महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा जो संग्रह प्रसिद्ध आहे, त्यात गोदाकाठच्या शेतांत कोण कोणाची वाट पाहत होते याची तपशीलवार वर्दी आहे, आणि सासू कोठे निजते व आपण कोठे निजतो हे उजेड आहे तोवर वाटसरूला बजावून ठेवणारी एक सावध सूनही आहे. तक्रारीजोगा ऐवज मुबलक. पण लेखक मयत, वारस बेपत्ता आणि मुदत कित्येक शतकांपूर्वी टळलेली. शिवाय असा ग्रंथ विद्यापीठात अभ्यासक्रमास लागला की त्यातील आक्षेपार्हता आपोआप संपुष्टात येते आणि तिचा वीस गुणांचा प्रश्न होतो. सिराज औरंगाबादींच्या गझलांबाबतही हाच निकाल समजावा. तात्पर्य, प्रतिवादी हयात असावा, आणि त्याचा खप बरा असावा. ज्याचे कोणी वाचत नाही त्याच्यामुळे समाज बिघडला, हे सिद्ध करणे अवघड जाते.

पुराव्यासाठी पुस्तक विकत घेऊ नये, ते वाचनालयातून आणावे. यात पैशाची बचत आहे हे गौण. खरा लाभ असा की पूर्वीच्या तक्रारदारांनी संशोधनाचे काम आधीच करून ठेवलेले असते. औरंगपुऱ्याच्या बाजूस आम्ही हाताळलेली एक प्रत, जिला खाकी कागदाचे वेष्टण होते आणि जिच्या पहिल्या पानावर 'औरंगाबाद' असा जांभळा, कडेला फुटलेला शिक्का होता, ती टेबलावर ठेवताक्षणी पृष्ठ 112 वर आपणहून उघडत असे. तेथे समासात कोणी पेन्सिलीने 'छी!' असे लिहिले होते. त्याखाली निळ्या शाईत 'याहून वाईट पा. 143', आणि पृष्ठ 143 वर तिसऱ्याच हाताने, किंचित निराशेने, 'काही विशेष नाही' असा शेरा मारलेला होता. एकमेकांस कधीही न भेटलेल्या तीन साक्षीदारांची अशी रुजवात फौजदारी कामातही क्वचित पाहावयास मिळते. मात्र पृष्ठांची फेरिस्त जोडताना संयम राखावा. पाच पृष्ठे दाखवणारा वाचक जागरूक नागरिक ठरतो. चाळीस पृष्ठे दाखवणाऱ्याला लेखक पुढील आवृत्तीची मुद्रिते तपासावयास पाठवतो.

आता अर्जाच्या गाभ्याकडे वळू. पुस्तक वाचून कोण बिघडले, हा तो गाभा होय, आणि बहुतेक होतकरू तक्रारदार येथेच ठेचाळतात. आपण स्वतः बिघडलो असे लिहून देणारा अर्जदार आजवर आमच्या ऐकिवात नाही. किंबहुना सदर मजकुराचा आपल्यावर यत्किंचितही परिणाम झाला नाही, हे कलम अर्जात अगदी वर घालण्याची वहिवाट आहे. मग परिणाम व्हावा कोणावर? इंग्लंडातील न्यायालयाने 1868 साली हिक्लिन प्रकरणात जी कसोटी घालून दिली, तिचा आशयच असा होता की, ज्यांची मने अशा प्रभावांना खुली आहेत आणि ज्यांच्या हाती असे लेखन पडण्याजोगे आहे, त्यांना भ्रष्ट करण्याकडे त्या लेखनाचा कल आहे किंवा काय ते पाहावे. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. म्हणजे आपल्याकडे ती राजकन्या अवतरत होती तेव्हाच तिकडे तिच्यासाठी मोजपट्टी कापली जात होती. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी 1964 साली उचलून धरली आणि 2014 साली टाकून दिली, आणि या सबंध काळात मराठी कुटुंबांतून ज्या व्यक्तीचे मन खुले असल्याचे सर्वाधिक वेळा सांगण्यात आले, ती व्यक्ती म्हणजे भाचा. तो अकरावीत असतो, सुट्टीत मुक्कामास येतो, आणि मामांनी उशीखाली ठेवलेले पुस्तक नेमके त्याच्याच हाती लागते.

आमची नम्र सूचना अशी की, भाच्यावर विसंबू नये. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' प्रसिद्ध झाली, तेव्हा एका सद्गृहस्थांनी लेखकास पत्र लिहिण्याची पायरी गाळून थेट दंडसंहितेच्या कलम 292 खाली फिर्याद गुदरली. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला. आणि त्या पंचवीस रुपयांचे गाऱ्हाणे घेऊन लेखक दिल्लीपर्यंत गेला, तो 1969 च्या ऑगस्टात निर्दोष होऊन परतला. कथा थोर वाङ्मय आहे असे न्यायमूर्तींनी म्हटले नाही, आणि तसे म्हणण्याचे त्यांच्यावर बंधनही नव्हते. परंतु असले प्रसंग वाचले एवढ्यानेच कुमारवयीन मुले बिघडतील, असे खात्रीपूर्वक म्हणता येत नाही, असे त्यांनी नमूद केले. तेव्हापासून भाचा साक्षीदार म्हणून कमजोर झाला आहे. त्यातही कळस असा की, याच काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' हा बोलपट त्याच 1969 साली पडद्यावर आला, आणि तो पाहावयास मामा, मामी व भाचा अशी मंडळी मिळूनच गेली असतील. म्हणून बिघडणाऱ्याच्या रकान्यात व्यक्तीचे नाव न घालता 'संस्कृती' असे लिहावे. संस्कृतीची उलटतपासणी होत नाही, तिच्या वयाचा दाखला मागितला जात नाही आणि तिने सदर पुस्तक वाचले किंवा कसे, हा अडचणीचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तक्रार कधीही प्रश्नाच्या रूपाने करू नये, याविषयी आम्ही आग्रही आहोत. 'हे लिहिताना आपणांस काहीच कसे वाटले नाही?' असे विचारले की काही लेखक खरोखरच उत्तर देतात. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्यांतले अग्रणी. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी इतकी सरळ उत्तरे दिली की 1934 साली त्यांच्यावर खटला झाला, त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले, कर्वे यांना दंड झाला, आणि तरीही मासिक चालूच राहिले. (तेच बॅरिस्टर पुढे 1950 साली आमच्या या शहरात मिलिंद महाविद्यालय काढून गेले, हे येथील तक्रारदारांनी विसरू नये, वकिलीचा तो वारसा गावात अद्याप आहे.) ना. सी. फडक्यांसारखा प्रतिवादी वाट्यास येता तर आम्ही अर्ज विनाअट मागे घेण्याचा सल्ला दिला असता. ज्या प्राध्यापकाने 1927 साली हिंदुस्थानातील लैंगिक प्रश्नावर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यास मार्गारेट सँगरबाईंची प्रस्तावना मिळवली, आणि कथा कशी रचावी यावर 'प्रतिभासाधन' सिद्ध केले, तो आपल्या अर्जाला उत्तर न देता त्यातील रचनादोष दाखवून तो परत पाठवता.

मायन्यात 'स. न. वि. वि.' लिहिण्याची सवय हाताला असते, ती या एका पत्रापुरती आवरावी; ज्याने प्रेमाचा अतिरेक केला त्यालाच सप्रेम नमस्कार घालणे बरे दिसत नाही. साष्टांगही टाळावा. कोरडा 'महाशय' चालेल; लेखिका असल्यास 'महोदया', आणि त्या वयाने वडील असल्या तरी 'ताई' मुळीच नको, कारण ताईंना खडसावता येत नाही. कलमांचे आकडे घालण्याची हौस असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की 1 जुलै 2024 पासून जुने 292 जाऊन भारतीय न्यायसंहितेचे 294 आले आहे, आणि जुन्या संहितेत 294 हा आकडा सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणी म्हणणाऱ्यांसाठी होता. तेव्हा सवयीने भलताच आकडा पडून कादंबरीकारावर चौकात गाणे म्हटल्याचा आरोप येण्याचा संभव आहे. काहींच्या बाबतीत तोही टिकेल, पण ते येथे अप्रस्तुत.

राहता राहिला मुद्देमाल. मूळ पुस्तक अर्जासोबत जोडू नये, कारण लेखक ते परत करीत नाहीत आणि वाचनालयाचा विलंबदंड तक्रारदाराच्या नावावर चढतो. शिवाय रांगेत नंबर लावून बसलेले इतर सदस्य नाराज होतात. आक्षेपार्ह पानांच्या छायाप्रतीच जोडाव्यात. त्या काढावयास दिलेल्या दुकानी आपण जातीने उभे राहावे, पाने पालथी घालून द्यावीत, आणि झेरॉक्सवाला पाचांवर सहावी प्रत काढीत नाही ना, याकडे बारकाईने लक्ष ठेवावे. काढल्यास तिचे पैसे आपण देऊ नयेत.