बेबंद सज्जन

गाव, शिक्षण, नोकरी यांच्याही आधी ‘मी केऑटिक गुड’ अशी स्वतःची ओळख करून देणारा एक गृहस्थ हल्ली इंटरनेट पोहोचले आहे तिथे सगळीकडे आढळतो. मराठीत त्याला बेबंद सज्जन म्हणता येईल. मन सोन्याचे, फक्त नियमबियम त्याला मानवत नाहीत. हे आपण स्वतः ठरवलेले नाही, असे तो विनयाने सांगतो. एका प्रश्नावलीने ते ठरवले. प्रश्नावलीने विचारले, राजाने जुलमी कर बसवला तर काय कराल? याने लिहिले, बंड. (राजा समोर नसला की हे उत्तर सुचायला अर्धा सेकंदही लागत नाही.) भुकेल्याने भाकरी चोरली तर त्याला पकडून द्याल? मुळीच नाही. मित्राचा जीव वाचवण्यासाठी खोटे बोलाल? हजारदा. राजा, भाकरी आणि मित्राचा जीव या तिन्ही बाबतींत हा माणूस उत्तीर्ण होतो. उसने घेतलेले पुस्तक परत करता का, दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावता का, कामाची वेळ आली की तुमचा फोन लागतो का, असे काही प्रश्नावली विचारत नाही. विचारले असते तर त्यातला ‘बेबंद’ चटकन सापडला असता. ‘सज्जन’ शोधायला मात्र थोडे हिंडावे लागले असते.

‘केऑटिक गुड’सारखे रकाने मुळात कशासाठी आखले गेले हे पाहिले, म्हणजे या गृहस्थाने त्यांचे काय केले ते कळते. १९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. टेबलाभोवती बसून कोणी योद्ध्याचे, कोणी जादूगाराचे सोंग घ्यायचे, एकाने ‘डन्जन मास्टर’ म्हणजे पंच आणि कथेकरी या दोन्ही भूमिका सांभाळायच्या, आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. त्यात प्रत्येक पात्राला बाजू होती आणि त्या बाजू तीनच होत्या : लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कथांमधून आलेली. तिथे नियम आणि अनागोंदी या विश्वातल्या दोन महाशक्ती होत्या, आणि माणसाला विचारलेला प्रश्न स्वभावाचा नव्हता, झेंड्याचा होता : तू कोणाच्या सैन्यात? १९७६ मध्ये गायगॅक्सने एक लेख लिहून या रेघेला छेद देणारी चांगल्या-वाईटाची दुसरी रेघ ओढली, आणि १९७८ च्या नियमपुस्तकात तीन गुणिले तीन अशी नऊ घरांची चौकट पक्की झाली. लॉफुल गुडपासून केऑटिक ईव्हिलपर्यंत. ‘अलाइनमेंट’ म्हणतात ते हेच.

या चौकटीत एक खरोखर हुशारीची गोष्ट आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. आज्ञाधारकपणा म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे तिने दोन रेघांत दाखवून दिले. ‘लॉफुल ईव्हिल’ हे घर म्हणजे शिस्तीतला दुर्जन. फाइल नियमानुसार अडवणारा, नोटीस मुदतीत देऊन म्हातारीला घराबाहेर काढणारा, एकही कलम न मोडता माणूस मोडणारा. या प्राण्याला आपण सगळे ओळखत होतो, पण त्याला ठेवायला रकाना नव्हता. मात्र ज्या रेघेने शिस्त आणि सज्जनपणा वेगळे केले, तिच्याच आडोशाला आपला गृहस्थ जाऊन बसला. नियम पाळणारे सगळेच सज्जन नसतात, हे खरे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की जो नियम मोडतो त्याचा सज्जनपणा अर्धा सिद्धच झाला.

मूळ खेळात हा निष्कर्ष टिकला नसता. तिथे अलाइनमेंट हा शोध नव्हता, करार होता. तुम्ही आधी जाहीर करायचे की माझे पात्र असे वागेल, आणि पुढे ते तसे वागते की नाही यावर पंचाची नजर. १९७९ च्या पंचांसाठीच्या पुस्तकात याचा हिशेब ठेवायला सांगितले होते. पात्र वारंवार दुसऱ्याच घरासारखे वागू लागले की त्याचे घर बदलायचे, आणि दंड म्हणून कमावलेल्या पायऱ्यांपैकी एक काढून घ्यायची. एक पायरी चढायला कित्येक संध्याकाळी खर्ची पडलेल्या असत, त्यामुळे हा दंड झोंबत असे. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा. त्याने जाणूनबुजून एकच दुष्कृत्य केले तरी त्याचे पद कायमचे गेले. थोडक्यात, खेळाचा क्रम असा होता : आधी शब्द, मग कृती, मग तिऱ्हाइताचा निवाडा. प्रश्नावलीने यातली कृती आणि निवाडा दोन्ही काढून टाकले आणि उरलेल्या शब्दालाच निवाडा म्हटले. उमेदवार तोच, परीक्षक तोच आणि गुणपत्रिका चौकटीत बसवून भिंतीवर लावणाराही तोच.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रश्नावलीचा निकाल लोकांना पटतो, म्हणजे त्यात काही तथ्य असणारच. पटण्याची किंमत किती, हे १९४८ मध्येच कळून चुकले आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. हे वर्णन कितपत जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्ये बरीचशी भविष्याच्या पुस्तकातली. ‘तुम्ही वरून कठोर दिसता पण आतून हळवे आहात’ या धर्तीच्या वाक्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि ‘केऑटिक गुड’ हे त्याच वाक्याचे दोन शब्दांतले रूप आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : शब्द वरवरचे असतील, पण माणसाच्या आत काहीतरी स्थिर असतेच की. असते, पण प्रश्नावलीत दिसते त्याहून बरेच कमी. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या भावी पाद्र्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. काहींच्या भाषणाचा विषयच होता वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या सज्जनाची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असे सांगितले होते त्यांतले १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. या मुलांना आदल्या रात्री प्रश्नावली दिली असती तर तिने बहुतेकांना ‘गुड’च्या रांगेत बसवले असते. दुसऱ्या दिवशी त्यांचा रकाना ठरवला तो घड्याळाने. गंमत म्हणजे हे सत्य या चौकटीच्या चाहत्यांनाही ठाऊक आहे. त्यांच्यातच एक चित्र फार फिरले : नऊ घरांत नऊ वेळा बॅटमन, आणि प्रत्येक घर शोभेल असे त्याचे एकेक वाक्य. १९३९ पासून इतक्या लेखकांनी हाताळलेला नायक नऊही घरांत मावतो यात नवल नाही. पण माणसालाही सकाळी बॉस, दुपारी भूक आणि संध्याकाळी ट्रॅफिक असे तीन लेखक रोज हाताळत असतातच.

‘अहो, गंमत आहे, एवढे काय मनावर घेता?’ हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय. गंमत असती तर प्रश्नच नव्हता. गमतीची खूण अशी की ती निकाल काहीही आला तरी गंमतच राहते. आपल्या गृहस्थाला एखादे दिवशी ‘लॉफुल न्यूट्रल’ असा निकाल आला की तो हसत नाही. प्रश्नांची रचना सदोष होती असे म्हणतो आणि चाचणी पुन्हा देतो, या वेळी कुठल्या उत्तराला किती वजन आहे याचा अंदाज घेऊन. आपल्याकडच्या पत्रिकेशी तुलना करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. लग्न जुळवताना पाहतात त्या ३६ गुणांत ६ गुण गणाचे, आणि २७ नक्षत्रांपैकी देव, मनुष्य, राक्षस यांच्या वाट्याला सारखी ९-९ येतात. शास्त्र म्हणून त्याची बाजू घ्यावी असे त्यात काही नाही. पण राक्षसगण निघाला म्हणून कोणाला पुन्हा जन्म घेऊन बघता येत नाही, आणि कोणी तो मिरवत तर नाहीच. शक्य तितका झाकतो. इथे मात्र ‘मी असाच आहे’ हे मिरवण्यासाठीच निकाल काढलेला असतो. खेळणाऱ्यांच्या टेबलावर या वाक्याचा एक भाऊ राहतो. गटाचा डाव उधळणारा, मित्राच्याच खिशात हात घालणारा खेळाडू कानकोंडा झाला की म्हणतो, ‘माझं पात्र असंच वागेल!’ जुने खेळाडू हे वाक्य ऐकताच कपाळाला हात लावतात. ‘केऑटिक न्यूट्रल’ पात्रे या सबबीसाठी इतकी बदनाम झाली की काही पंच ती टेबलावर येऊच देत नाहीत. बेबंद सज्जनाने हीच सबब स्वतःच्या नावावर करून घेतली. उशिरा येणे, तोंडावर तोडून बोलणे, दिलेला शब्द विसरणे हे आता दोष उरले नाहीत, पात्ररचना झाली.

शेवटचा आक्षेप खुद्द खेळाकडून येतो. काळाबरोबर खेळानेच पकड ढिली केली आहे. पायरी काढून घेण्याचा दंड गेला, अलाइनमेंट ही पात्राच्या कागदावरची एक नोंद होऊन बसली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर नवांतली चार घरे पाडली, आणि त्यात ‘केऑटिक गुड’ हेही होते. (सहा वर्षे आपला गृहस्थ अधिकृतपणे बेघर होता. त्याला कोणी सांगितले नसावे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने घर परत दिले.) मग खेळाने सोडलेला आग्रह आपण का धरावा? एवढ्यासाठी, की नियम गेले तरी टेबल गेलेले नाही. समोर चारजण बसलेले असतात, त्यांनी मागच्या आठवड्यात तुम्ही काय केले ते पाहिलेले असते, आणि दंड लिहिलेला नसला तरी पुढच्या वेळी गुहेत दोरी कोण धरणार हे ते आठवूनच ठरते. प्रश्नावली द्यायला माणूस एकटा बसतो, बहुधा रात्री, अंथरुणात.

जुन्या पुस्तकांत आणखी एक विलक्षण तरतूद होती. प्रत्येक घराची स्वतःची गुप्त बोली असे. त्या घरातल्यांनाच ती कळे, घर बदलले की पहिली बोली गेली. ती वापरायची कुठे, याबद्दल गायगॅक्सचे मत कडक होते. चारचौघांत आपली बोली मोठ्याने बोलून आपण कोण ते जाहीर करणारा, त्याच्या लेखी, असभ्य आणि अडाणी ठरे, आणि लोकांनी त्याला त्याप्रमाणे वागवावे असे त्याने १९७९ मध्ये छापून ठेवले. ते पान बेबंद सज्जनाच्या वाचनात आलेले नाही. प्रोफाइलवर नावाच्या खाली, फोटोच्या शेजारी, दोन शब्द ठळक अक्षरांत लिहिलेले आहेत, आणि शेजारच्या घरातून उसने आणलेले १९७९ चे ते पुस्तक त्याच्याच कपाटात अडीच वर्षे पडून आहे.