डाव्या पायाचं काय?

तुमच्या ओळखीतही एक असणारच. कोणी नवी गाडी घेतली की हा पेढा तळहातावर तसाच धरून आधी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतो, वाकून पेडलं मोजतो आणि तीनऐवजी दोनच निघाली तर पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवतो. अभिनंदन वगैरे नाही. एकच प्रश्न. आमच्या सोनगीरच्या आप्पांचा हा प्रश्न आता नरडाण्यापासून धुळ्यापर्यंत लोकांना पाठ झालाय:

"मंग डावा पाय कोठे ठेवस?"

माझी गाडी लहान. क्लचचं पेडल नसलेली. मी आप्पांना समजावून सांगायला गेलो की, आप्पा, याच्या आत नेहमीचाच गिअरबॉक्स आहे, क्लचही आहे, फक्त तो यंत्र दाबतं. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत हे आणलं आणि तेव्हापासून मध्यमवर्गाला परवडायला लागलं. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे क्लच शे, गिअर शे, फक्त तू दाबस नही. मंग तू काय करस?"

"स्टिअरिंग धरतो."

"ते तं मन्ही नात बी धरस, मांडीवर बठीसन."

मी अमेरिका काढली. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला होता, आपण आत्ता कुठे जागे होतोय, वगैरे. आप्पा म्हणाले, "तठला लोकेस्ले डावा पाय नही का?" वाद संपला. आप्पांशी वाद असाच संपतो. तुमच्याकडे मुद्दे उरतात आणि त्यांच्याकडे पाय.

सोनगीर हायवेवर आहे ही यातली खरी अडचण. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला टेकडीवर किल्ला आणि खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं. इंदूरकडची, नाशिककडची माणसं मोठमोठ्या गाड्या थांबवून घंगाळ, हंडे, समया घेतात. गिऱ्हाईक घंगाळ वाजवून बघत असतं तेव्हा आप्पा त्याच्या गाडीत डोकावत असतात. एकदा एक मर्सिडीजवाले थांबले. त्या कंपनीच्या एसयूव्ही आपल्याकडे क्लचसकट मिळतच नाहीत, बीएमडब्ल्यूच्याही नाहीत, हे आप्पांना माहीत होतं. तरी विचारलंच, हिंदीत. गृहस्थ सज्जन. त्यांनी दार उघडून दाखवलं की डाव्या पायासाठी इथे फुटरेस्ट दिलेला आहे. आप्पा परत कट्ट्यावर येऊन बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पायले खुर्ची दिधी!"

तेव्हापासून त्यांना जगात जागोजाग रिकामे पाय दिसू लागले. सुनेने ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आणलं, तेव्हा ते चालू करून ती मोबाइल बघत बसली, तर आप्पा दारातून म्हणाले, याचा डावा पाय कुठे आहे? कीर्तनकारबुवा टॅबलेटवर बघून अभंग म्हणायला लागले, आप्पांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं: बुवाचा डावा पाय गेला. पांढऱ्या फॉर्च्युनरमधून पुढारी उतरले की आप्पा आधी ड्रायव्हरला नमस्कार करतात, मग साहेबांना. कारण साहेबांचे तर दोन्ही पाय रिकामे. एका मयतीला स्वर्गरथ आला. सगळे माना खाली घालून उभे असताना आप्पा हळूच पुढे जाऊन केबिनमध्ये पाहून आले. समाधानाने म्हणाले, "गिअरवाली शे." मयताची शेवटची सफर तरी रीतीने झाली, असा त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, एवढं तत्त्वज्ञान असलेल्या माणसाकडे स्वतःची गाडी कोणती? जुनी बोलेरो होती. पण 2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हींवर 28 टक्के कर आणि वर 22 टक्के सेस होता, तो जाऊन सरसकट 40 टक्के झाला, आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर लाख-लाख रुपये असे उडायला लागले की कपाशीला भाव मिळाला असं वाटावं. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा म्हणाला, आप्पा, तुमची हयातभराची हौस, फॉर्च्युनर घेऊन टाकू. अर्ध्याहून जास्त पैसे मी घालतो. फक्त ऑटोमॅटिक घ्या.

फक्त!

आप्पा मला घेऊन धुळ्याच्या शोरूममध्ये गेले. तिथला मुलगा टाय लावलेला, नम्र, पाठांतर चोख. त्याने आप्पांना पाणी दिलं आणि समजावलं की, काका, इंजिन एकच, 2.8 लिटर डिझेल, 204 पीएस. पण 2021 च्या मॉडेलपासून टॉर्क, म्हणजे चाकाला ओढणारी ताकद, मॅन्युअलमध्ये 420 न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये 500. तर जास्त ताकदीची गाडी ऑटोमॅटिकच आहे.

हे अस्त्र माझ्याकडे असतं तर मी केव्हाच आप्पांना चीत केलं असतं, असं मला वाटलं. आप्पांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"ऐंशी कमी शे ना? तेवढं मी भरी देसू."

तो मुलगा माझ्याकडे पाहायला लागला. मी छताकडे. मग आप्पांनी खिशातल्या डायरीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि त्याच्या टेबलावर पसरलं. फॉर्च्युनरचीच भारीतली बहीण लेजेंडर. जानेवारी 2021 मध्ये ती आली तेव्हा फक्त ऑटोमॅटिक होती. मार्च 2025 मध्ये कंपनीने तिच्या फोर बाय फोरमध्ये मॅन्युअलही आणली. आप्पांच्या मते कंपनीला चार वर्षांनी अक्कल आली, आणि ती जपानहून आली नसून सोनगीरहून गेली असावी. दसऱ्याला मॅन्युअल फॉर्च्युनर बुक झाली. लेजेंडर परवडत नव्हती. कात्रण परवडत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आप्पा स्वतः कधी सांगत नाहीत. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलाय. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की, क्लच बंद करा. आप्पांनी घरी येऊन निकाल दिला: "डॉक्टरनी गाडी कोनती शे, ते इचार पह्यले." चौकशी केली. ऑटोमॅटिक होती. सल्ला बाद.

गुडघा गेला कसा, तेही ऐका. सोळाव्या वर्षी आप्पा ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. टाटा 1210. इंदूरला कपाशीच्या गाठी न्यायच्या आणि येताना मिळेल तो माल आणायचा. जुन्या ट्रकचा क्लच एकदा दाबून भागायचं नाही. डबल क्लच करायचा: दाबा, न्यूट्रल करा, सोडा, परत दाबा, मग गिअर टाका. तेही दोन्ही बाजूंच्या दात्यांची गती कानाने जुळवून. चुकलं की खरर्र आवाज, आणि आवाजापाठोपाठ उस्तादाच्या हातातला पाना. आप्पांच्या डाव्या खांद्यावर अजून एक वण आहे. तो दाखवून ते म्हणतात, हा तिसऱ्या गिअरचा.

सतरा-अठरा वर्षांच्या पोराला गावात कोणी ओळखत नव्हतं, वडिलांची जमीन कोरडवाहू, शिक्षण सातवी. त्याच्याजवळ म्हणून जी एक विद्या आली ती त्या डाव्या पायात आली. त्या पायावर त्याने घर बांधलं, दोन बहिणींची लग्नं केली, मुलाला इंजिनिअर केलं. आणि आता गल्लोगल्ली गाड्या यायला लागल्या ज्यांना त्या पायाची गरजच नाही. टाय लावलेली पोरं गोड बोलून सांगतात की काका, आता आराम करा. आप्पा जो प्रश्न सगळ्यांना विचारत फिरतात तो मला हल्ली पूर्वीइतका विनोदी वाटत नाही. पण हे मी त्यांना सांगणार नाही. ते आणखी दहा वर्षं विचारतील.

फॉर्च्युनर आली. पांढरी. एमएच 18, नंबर पैसे भरून घेतलेला. पूजा झाली, लिंबं चिरडली, आप्पांनी ती फाट्यापर्यंत नेली आणि आणली, आणि रात्री गुडघा नारळाएवढा सुजला. घरात दुसरं कोणी गिअरची गाडी चालवत नाही. मुलगा पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिकवर वाढलेला. सूनबाई इथेच सोनगीरला राहते, शिरपूरला शिक्षिका आहे. ती माझ्यासारखीच क्लच नसलेली छोटी गाडी घेऊन रोज तापी ओलांडून जाते. परिणामी पन्नास लाखांच्या आसपासची गाडी ओट्यासमोर कव्हर घालून उभी, आणि दवाखाना, बाजार, कानबाईचा सण, पाहुण्यांची ने-आण हे सगळं सूनबाईच्या छोट्या गाडीतून. शेजारच्या सीटवर आप्पा. ती मला म्हणाली, "काका, माझ्या गाडीचं डाव्या बाजूचं मॅट बघा." पाहिलं. टाचेच्या जागी घासून पार भोक पडलंय. ती ब्रेक मारते तेव्हा आणि समोर चढ येतो तेव्हाही आप्पा क्लच दाबतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे इंदूरला लग्नाला गेलो होतो, तिच्याच गाडीतून. परतताना सेंधवा मागे पडलं, बिजासनी देवीला हात जोडले आणि घाट उतरायला लागलो. हा घाट खान्देशातल्या ड्रायव्हर लोकांना चांगला ठाऊक आहे. जड गाड्या सातपुडा उतरून तापीच्या खोऱ्यात येतात, ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबून ठेवतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे महाभाग वेगळेच. जुलै 2023 मध्ये खाली पळासनेरला ब्रेक निकामी झालेला एक ट्रक वाटेतल्या गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला, दहाजणांचा जीव गेला. तिथल्या हॉटेलांसमोर उभं राहून आप्पांनी आयुष्यभर चहा प्यायलेला.

सूनबाई ब्रेक मारत उतरत होती. मारत, सोडत, मारत. गाडी हलकी, चिंता नव्हती, पण ब्रेकचा जळका वास यायला लागला होता. आप्पांचा आवाज बदलला. एरवीचा टपरीवरचा आवाज नव्हताच तो.

"माय, दोन नंबरमा टाक."

"आप्पा, ऑटोमॅटिक आहे ही."

"लिव्हर डाव्या बाजूला सरकाव. एम शे तठे. आता मायनस. आखो एकदा मायनस. आते ब्रेक सोड."

तिने केलं. इंजिन घुमलं, गाडी आपोआप आवरली, ब्रेकला पाय न लावता उतरायला लागली. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा उस्तादाचा धडा. इंजिनच चाकांना धरून ठेवतं. पुढची सगळी वळणं आप्पा तिला सांगत होते: इथे आवळ, इथे सोड, समोरच्या ट्रकपासून लांब राहा, त्याच्या मागच्या चाकातून धूर येतोय. त्या ट्रकवाल्यालाही आप्पांनी काच खाली करून ओरडून सांगितलं.

पळासनेरला चहाला थांबल्यावर मी विचारलं, "आप्पा, या गाडीतलं एम आणि मायनस तुम्हाला कसं माहीत?"

आप्पा बशीत चहा ओतत राहिले. सूनबाई हसली. तिच्या गाडीचं माहितीपुस्तक गेले कित्येक महिने डिकीत नव्हतं, ते आप्पांच्या उशाखाली सापडलं होतं. पेन्सिलीने खुणा केलेलं. सातवी पास माणसाने इंग्रजी पुस्तक चित्रं पाहून आणि नातीला विचारून लावलं होतं. ज्या गाडीत आपल्या पायाला काम नाही, त्या गाडीत सून रोज तापीपार जाते, तर गाडीचा स्वभाव आपल्याला ठाऊक हवा. आप्पा एवढंच म्हणाले, "बातमी ठेवनी पडस."

तेव्हा, तुमच्याकडे मोठी गाडी घ्यायची असेल आणि मॅन्युअल की ऑटोमॅटिक यावरून घरात दोन तट पडले असतील, तर माझं मत लिहून घ्या. धुळ्यात पाचकंदीलच्या गर्दीतून रोज जायचं असेल, घरात चालवणारे दोघं-तिघं असतील, तर निमूट ऑटोमॅटिक घ्या. ऐंशी न्यूटन मीटर भरून काढणारे पाय सगळ्यांना नसतात. पण घाट उतरायच्या आधी गाडी खालच्या गिअरात कशी अडकवायची ते शोरूममध्येच विचारून ठेवा. तिथल्या पोराला सांगता आलं नाही तर सोनगीर फाट्यावर या. सकाळी नऊपर्यंत आप्पा तिथेच असतात.