लेबलवरचं ‘फक्त ड्रायक्लीन’

पॉलिएस्टर जॉर्जेटच्या कुर्त्याला ‘फक्त ड्रायक्लीन’ असं लेबल लावणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे : कशासाठी? पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून ते आटत नाही, आणि त्याचा रंगही सहसा जात नाही. भरतकाम, टिकल्या नसतील तर असा कुर्ता बादलीत सौम्य साबणाने सहज निघतो. पण कापड धुऊन बघण्याचे कष्ट कंपनीला नकोत आणि बिघडलं तर जबाबदारीही नको. म्हणून सरसकट सगळ्यात कडक सूचना छापून मोकळं व्हायचं. भुर्दंड मात्र दर वेळी आपल्याला.

जिथे माहिती खरोखर हवी, तिथे ती नसते. हजारो रुपयांच्या रेशमी साडीवर सिल्क मार्क असला तरी तो रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, धुण्याबद्दल अवाक्षर नाही. जर कसली आहे, काठाचा रंग पक्का आहे का, हे दुकानदाराला विचारलं की ‘ड्रायक्लीनला द्या’ एवढंच ऐकायला मिळतं.

आणि ड्रायक्लीनने तरी सगळं निघतं का? त्यात कपडा पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात भिजतो. तेला-तुपाचे डाग त्यात छान जातात. घाम आणि सरबत पाण्यात विरघळणारे, ते नुसत्या द्रावकाने नीट निघत नाहीत. लग्नात दिवसभर घातलेला रेशमी ब्लाउज इस्त्री होऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत येतो आणि काखेतला वास तसाच असतो. शिवाय या धंद्यात जगभर वापरलं गेलेलं पर्क्लोरोएथिलीन हे द्रावक इतकं घातक, की अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधून ते दहा वर्षांत हद्दपार करण्याचा नियम केला. आपल्याकडे कपडा कशात बुडवला हे पावतीवर नसतं. पावतीवर बारीक अक्षरांत असतं ते ‘रंग गेल्यास, कापड फाटल्यास दुकान जबाबदार नाही’. कंपनी जबाबदार नाही, दुकान जबाबदार नाही, मग पैसे कसले घेता?

साधी, एकरंगी रेशमी साडी किंवा ओढणी घरी धुता येते. आधी आतल्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघावं. रंग उतरला तर तिथेच थांबावं. नेहमीची पावडर मुळीच नको. रेशीम हे प्रथिन आहे आणि बऱ्याच पावडरींत प्रथिनांचे डाग खाणारी एन्झाइम असतात. ती डागाबरोबर रेशमावरही काम करतात. रिठ्याचं गाळलेलं, थंड पाणी उत्तम. ओलं रेशीम कमजोर होतं, म्हणून घासायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाळवायचं.

इतकं करूनही साडी बिघडते ती फॉलमुळे, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सुती फॉल लावण्याआधी भिजवून घ्यायचा असतो. घाईत तो कोराच लावतात. पहिल्या धुण्यात फॉल आटतो, रेशीम तेवढं आटत नाही, आणि निऱ्यांचा सगळा घेर खालून चुण्या पडून वर ओढला जातो. दोष मात्र धुणाऱ्याच्या माथी! ब्लाउजच्या कोऱ्या सुती अस्तराचीही तीच गत.

पैठणी, जरीचं भरगच्च काम आणि आत कॅनव्हास असलेला कोट घरी धुवू नये. काठ-पदराचे वेगळे रंग एकमेकांत उतरतात, जर काळवंडते, कोटाच्या कॅनव्हासला फुगे येतात. इथे लेबलचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच उरलेल्या कपड्यांवर तेच लेबल डकवलेलं खपवून घेऊ नये.

पुढच्या खरेदीला दुकानात तीन गोष्टी विचारा : कापड कोणतं, अस्तर कोणतं, फॉल भिजवून लावणार का? उत्तरं बिलावर लिहून घ्या, मगच पैसे द्या.