चातुर्मासातले मालक

आषाढी एकादशी झाली, मुहूर्त संपले, की मंगल कार्यालयाच्या मालकांना वेबसाईटची आठवण होते. हॉल रिकामा, आचारी गावाला गेलेला, तारखांची वही मिटलेली. अशा वेळी माणूस एकतर गच्चीची गळती काढतो, नाहीतर साईट काढतो. पेठांमधल्या मालकांची कामं घेणारी मी, त्यामुळे माझी लग्नसराई चातुर्मासात असते.

मालक साठीच्या आसपासचे. शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं: निळं हिशेबाचं, लाल तारीख पक्की करण्याचं. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "छोटंसंच काम आहे हो, मॅडम." मॅडम म्हणाले की सूचना असते, ताई म्हणाले की सवलत मागायची असते, हे एका कामात कळतं.

नवं काम घेताना मी एक प्रश्नावली देते. मालक ती भरत नाहीत, तोंडी परीक्षा देतात. साईट कोणासाठी? "सगळ्यांसाठी." कोणाची साईट आवडते? "ॲमेझॉनची." बजेट? "ते तुम्ही सांगा, मग मी सांगतो." हॉलचं भाडं लिहायचं का? "छे! भाडं समोरचा माणूस बघून सांगायचं असतं."

हे सगळं मी हसून घेते. अडतं ते आगाऊ रकमेपाशी.

कारण हेच मालक वधूपित्याकडून निम्मे पैसे मोजून घेतल्याशिवाय लाल पेनाचं टोपण काढत नाहीत. पावतीच्या पाठीमागे मुंगीएवढ्या टायपात नियम असतात. बाहेरील आचाऱ्यास परवानगी नाही. पानांची संख्या आठ दिवस आधी नक्की करावी. जादा पानाचा आकार वेगळा पडेल. कार्य रद्द झाल्यास अनामत परत मिळणार नाही. समोर वधूपित्याचे डोळे भरून आले तरी यातला स्वल्पविराम हलत नाही. आणि माझा दोन पानी करार पाहून तेच मालक दुखावल्यासारखे खुर्चीत मागे रेलतात. "आपल्यात कागद कशाला, ताई?"

मग सामग्री यायला लागते. लोगो येतो लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याचा फोटो होऊन, अंगठ्यासकट. हॉलचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, तिथे ते आकसतात आणि झुंबराचा नुसता पिवळा डाग उरतो. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी कार्यालयातला पोऱ्या फोटो चिकटवलेला कागद घेऊन दारात उभा. मेनू असतो छापखान्यात श्री-लिपीत टाइप केलेला. तो साईटवर उतरवला की मसालेभाताच्या जागी डॉलरचं चिन्ह, दोन कंस आणि रोमन अक्षरं उमटतात. या जुन्या फाँटांनी देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा असते. मी हे समजावून सांगते. मालक शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "आमच्याकडे तर नीट दिसतं."

पहिला आराखडा पाहून मात्र ते खरोखर हबकतात. बाजूची मोकळी जागा त्यांना बघवत नाही. "एवढी जागा रिकामी? इथे चाळीस पानं बसतील!" ज्या माणसाने आयुष्यभर चौरस फुटाचं भाडं वसूल केलं, त्याला डोळ्याला विसावा वगैरे सांगणं मला आता अन्यायाचं वाटतं. मी तिथे बारीक तोरण लावते.

मग सनई. वऱ्हाड दारात आलं की सनई सुरू होते, तशी साईट उघडली की झाली पाहिजे. मी सांगते, पाहणाऱ्याने पानाला हात लावल्याशिवाय आवाज सुरू करायला क्रोम २०१८ पासून सहसा देत नाही. "कोण हे क्रोमवाले? नंबर द्या. मी बोलतो."

संवादाची वेळ रात्री साडेअकराची. पाच मिनिटांचा व्हॉइस नोट, त्यातली चार मिनिटं मागे पातेली घासल्याचा आवाज, आणि शेवटी, "तेवढं बघा जरा." तेवढं म्हणजे केवढं, हे शोधायला मी तो पुन्हा ऐकते. शिवाय एक ग्रुप असतो. त्यात वहिनी, धाकटे बंधू, सीए आणि टोरांटोचा भाचा. वहिनींना गुलाबी हवा असतो, बंधूंना भगवा, सीए फक्त सणांच्या शुभेच्छा पाठवतात.

भाच्याला काढून टाकता येत नाही. कॉलेजात असताना त्याने कार्यालयाच्या नावाचं डोमेन घेतलं, ते स्वतःच्या ईमेलवर. आता ओटीपी लागला की त्याला झोपेतून उठवावं लागतं. उठला की तो आधी मत देतो, मग ओटीपी. "मामा, हे एआय पाच मिनिटांत करून देतं." मामांना ते पटतं. मग माझा फोन वाजतो आणि सुरुवात "ताई"ने होते.

यंदाच्या मालकांकडे मी करार नेलाच नाही. त्यांच्या पावतीच्या मापाचं एक पुस्तक छापून घेतलं आणि पहिल्याच भेटीत पुढे केलं. पाठीमागे मुंगीएवढ्या टायपात: पानांची संख्या आधी नक्की करावी, जादा पानाचा आकार वेगळा पडेल. बदल दोनदाच. काम रद्द झाल्यास अनामत परत मिळणार नाही. मालकांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकापाशी नेला आणि प्रत्येक ओळीला मान डोलावली. "एक राहिलंय," म्हणाले, आणि लाल पेनाने खाली स्वतः लिहिलं: बाहेरील आचाऱ्यास परवानगी नाही. "म्हणजे आमचा भाचा," त्यांनी खुलासा केला. खणातून निम्मे पैसे काढून माझ्यापुढे मोजले.

"जीएसटी धरून की वगळून?"

मी सांगितलं की मला लागू नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी करावी लागत नाही.

मालकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "खाली बारशाची पंगत बसतेय," ते मायेने म्हणाले, "जेवूनच जा, ताई." आणि जिन्यातून वाकून पोऱ्याला हाक मारली, "ए, बारशाचं एक पान वाढलं! जादात लिही!"