ऐंशी जागांचा जिल्हा

इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन विद्यार्थी निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांना ‘ग्रामर स्कूल’ म्हणतात आणि त्यांपैकी अनेक केवळ मुलींसाठी आहेत. निवडीची ही विद्या पाहण्यासाठी वाशीम जिल्ह्याला मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे प्रामुख्याने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी केंद्र सरकारने चालवलेली निवासी शाळा, येथेही आहे. सहा तालुक्यांतून सहावीसाठी जास्तीत जास्त ८० मुले निवडली, की जिल्ह्यातील गुणवत्तेचा प्रश्न त्या वर्षापुरता निकालात निघतो.

निवडीची परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते (प्रश्नही ८० आणि जागाही ८०, हा योगायोगच मानावा). त्यांतील निम्मे गुण मानसिक क्षमतेला, म्हणजे एकही शब्द नसलेल्या आकृत्यांना असतात. घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल हे जिला ओळखता येते, ती पुढील सात वर्षे जेवण, निवास आणि पुस्तकांसह मोफत शिकण्यास पात्र ठरते. जिला ते ओळखता येत नाही, तिने गावच्या शाळेत बसून शिक्षकाची जागा कधी भरली जाते याची वाट पाहावी, अशी ही शास्त्रशुद्ध विभागणी आहे. सोयाबीनला चाळणी लावल्यावर खाली पडलेला माल व्यापारी निदान पडत्या भावाने तरी घेतो.

नवोदयच्या या ८० जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी राखीव आहेत. मुलींच्या वाट्याला कमी जागा ठेवणे इंग्लंडमध्ये मात्र अंगाशी आले. तेथील बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने ग्रामर स्कूलमध्ये मुलांसाठी ५४० आणि मुलींसाठी ३६० जागा ठेवल्या होत्या, त्यामुळे प्रवेशासाठी मुलींना मुलांपेक्षा अधिक गुण मिळवावे लागत. १९८९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, हा बेकायदा भेदभाव ठरवला. भारतात अशी नामुष्की ओढवण्याचा संभव नाही, कारण एक तृतीयांश ही येथे किमान मर्यादा आहे आणि मुलींना ती ओलांडण्यास कोणताही नियम अडवत नाही. अडवण्याचे काम नियमावाचूनही नीट चालते. चौथीपासून ‘नवोदयचा क्लास’ लावायचा आणि घरात लेकरे दोन असली, तर फी कोणाच्या नावे भरायची, हा निर्णय घेण्यासाठी कोणत्याही समितीची बैठक बोलवावी लागत नाही. परीक्षा बहुधा हिवाळ्यात येते आणि ऊसतोडीचा हंगामही तेव्हाच भरात असतो, त्यामुळे तांड्यावरून आईवडिलांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात गेलेल्या मुलीची मानसिक क्षमता धाकट्या भावाला सांभाळण्यातच तपासली जाते. त्या तपासणीचा निकाल लागत नाही.

उरलेल्या मुलींना शासन विसरले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासाठी मोफत एसटीचा पास आहे, मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, आणि ही बस वेळेवर आली, तर शाळाही आहे. या व्यवस्थेवर उभी राहणारी मुलगी नवोदयच्या मुलीइतकीच हुशार असू शकते, ही शक्यता तेवढी कोणत्याही योजनेच्या उद्दिष्टांत आढळत नाही. ती शक्यता पुन्हा तपासून पाहण्याची सोयही नाही, कारण नियमानुसार नवोदयच्या सहावीच्या निवड परीक्षेला उमेदवाराला आयुष्यात एकदाच बसता येते.